पाटणचं महादेव मंदिर 'हेमाडपंती' कसं काय?

गिरणाकाठ

माझं माहेर चाळीसगावचं. लहानपणी नवरात्रात आम्ही सगळे जवळच्या पाटणला पाटणादेवीच्या दर्शनाला जायचो, देवीचं दर्शन झालं की बाकीचे डबे उघडून बसायचे आणि वडील मला नि भावाला घेऊन जंगलातल्या महादेवाच्या देवळाकडे जायचे. काळ्या दगडाचं देऊळ, डोक्यावर शिखर नाही, आत शिरलं की एकदम गार. वडील सांगायचे की हे हेमाडपंताने एका रात्रीत बांधलं, शिखर चढवायच्या आधीच कोंबडा आरवला म्हणून ते राहून गेलं. मी ते खरंच मानून चालले होते, अगदी लग्न होऊन पुण्याला येईपर्यंत.

मागच्या श्रावणात लेकाला घेऊन गेले. डोंगर हिरवेगार, धवलतीर्थाचा धबधबा जोरात, डोंगरी नदीला पाणी. लेक दहा वर्षांचा आहे, त्याने देवळात उभं राहून विचारलं की आई हेमाडपंत कोण आणि त्याने देऊळ बांधलं तर त्याचं नाव कुठे लिहिलंय. मला उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं, घरी येऊन मिळेल ते वाचत बसले.

तर झालं असं की या देवळात खरंच लेख आहे, शके १०७५ चा, म्हणजे इ.स. ११५३. आणि त्यात हेमाडपंताचं नाव असूच शकत नाही, कारण हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव यादवाचा आणि नंतर रामचंद्रदेवाचा मंत्री. महादेव गादीवर आला तोच १२६० च्या सुमारास. मधे शंभरावर वर्षं गेली, चार पिढ्या झाल्या!

मग लेखात कोण आहे? निकुंभ घराणं. हे यादवांचे मांडलिक, खानदेशातल्या सोळाशे गावांवर यांची सत्ता होती असं लेखातच म्हटलंय. इंद्रराज निकुंभाने शिवाचं देऊळ सुरू केलं, ते पुरं व्हायच्या आत तो गेला. मुलगा गोवन लहान. तेव्हा राणी श्रीदेवी हिने मुलाच्या नावाने राज्य हातात घेतलं आणि नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं देऊळ पुरं केलं.

हे वाचलं तेव्हा खरं सांगते डोळ्यात पाणी आलं. इतकी वर्षं मी त्या उंबऱ्यावर बसून डबा खाल्लाय, आणि जिने ते देऊळ उभं केलं त्या बाईचं नाव मला कुणी सांगितलं नाही, सगळे म्हणत राहिले हेमाडपंत. म्हणून हा धागा काढतेय. ज्यांना बांधकामातलं कळतं, लेखांतलं कळतं त्यांनी लिहा, आणि खानदेशातली अशी बाकीची देवळं कुणी पाहिली असतील तर तेही लिहा. मला एक मुद्दाम विचारायचंय, वरचं शिखर कसं असेल?

बुराईवाला

ताई, भारी धागा. मी साक्री तालुक्यातला. आमच्या बळसाण्याला बुराई नदीच्या काठी अशी देवळं एका जागी बरीच आहेत, काही धड, काही नुसते ढिगारे. एका देवळात तर मधे एकच मंडप आणि त्याला तीन बाजूंनी तीन गाभारे. शाळेची सहल तिथेच यायची आणि गुरुजीही हेच सांगायचे, हेमाडपंती. गावात कुणालाही विचारा, चुना न वापरता बांधलेलं काळ्या दगडाचं जे काही दिसेल ते हेमाडपंती, मग ते देऊळ असो, बारव असो नाहीतर नुसता धर्मशाळेचा ओटा असो.

अक्षरवाट

गिरणाकाठ, तुम्ही लेखाचं जे लिहिलंय ते बरोबर आहे. त्यात एक भर घालतो म्हणजे घोळ कुठून वाढला असेल त्याचा अंदाज येईल.

पाटणलाच दुसरा एक मोठा लेख आहे, तो तिथल्या पडक्या भवानीच्या देवळात सापडला, डॉ. भाऊ दाजींनी १८६५ मध्ये तो जगापुढे आणला. शके ११२८, श्रावणातलं चंद्रग्रहण. तो लेख मठाच्या दानाचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता, त्याने आजोबांचा 'सिद्धांतशिरोमणी' आणि घराण्यातले बाकीचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, आणि त्या मठाला दान देणारे दोघे भाऊ कोण, तर सोइदेव निकुंभ आणि त्याच्यामागे गादीवर आलेला हेमाडिदेव निकुंभ. म्हणजे श्रीदेवीचे नातू!

आता बघा, पाटणच्या दगडावर खरोखरच एक 'हेमाडि' कोरलेला आहे. पण तो निकुंभ राजा, देवगिरीचा मंत्री हेमाद्री वेगळा. तसंच चांगदेवाचं. मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं मंदिर आहे, तो ज्ञानेश्वरांच्या काळातला योगी, आणि पाटणचा ज्योतिषी चांगदेव त्याच्या आधीचा नि वेगळाच. या दोन चांगदेवांना एकच समजून लिहिलेलं मी कितीदा वाचलंय.

आणि त्या मठाच्या लेखाचा शेवट मराठीत आहे, सातशे नव्हे आठशे वर्षांपूर्वीची आपली मराठी. वर संस्कृत श्लोकांत घराण्याची कीर्ती आणि खाली एकदम बाजारपेठेची भाषा. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यातलं राजाकडे जाणारं उत्पन्न मठाला द्यायचं, जे मोजायचं ते मठाच्या मापाने मोजायचं, आणि जितके तेलाचे घाणे चालतात तितक्यांमागे एकेक पळी तेल. मला त्या लेखातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं. ग्रहगणित शिकणाऱ्या पोरांच्या दिव्यात पाटणच्या तेल्यांचं तेल जळत होतं.

मूळची_एरंडोलची

गिरणाकाठ, तुझं श्रीदेवीचं वाचून मी दोनदा थांबले गं. मी सत्तरीची आहे, आमच्याकडे नवरा गेल्यावर बाईला घराच्या व्यवहारात बोलू देत नसत ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि इथे साडेआठशे वर्षांपूर्वी एक बाई सोळाशे गावं सांभाळते, लहान मुलाला मोठं करते आणि वर देऊळही पुरं करून दगडावर लिहून ठेवते.

अक्षरवाट यांनी घाण्याचं लिहिलं त्यावरून आठवलं, माझ्या आजोळी बैलाचा घाणा होता. पहिली पळी देवाच्या दिव्याला काढून ठेवायची आणि मग विक्री, ही पद्धत आजोबा असेपर्यंत होती. आजी अहिराणीच बोलायची. शेतात कोरीव दगडाचा एक तुकडा पडलेला होता, त्यावर आम्ही उड्या मारायचो तर ओरडायची, "दगडले पाय नका लावू रे, तो बी देवच शे." तो दगड पुढे कुठे गेला कुणास ठाऊक.

पाथरवट

नमस्कार. आमचं घराणं दगडाच्या कामाचं, आजोबांपर्यंत जाती, पाटे, देवळाच्या पायऱ्या हेच. मी स्वतः आता मंदिरांच्या दुरुस्तीच्या साइटवर काम करतो त्यामुळे जे हाताला माहीत आहे ते सांगतो.

लोक म्हणतात चुना वापरला नाही म्हणून चमत्कार. त्यात चमत्कार नाही, मेहनत आहे. दोन चिरे एकमेकांवर बसवताना बसणारी बाजू इतकी घासून घासून सपाट करायची की मधे नखही जाऊ नये. गुण्या लावून काटकोन बघायचा, सूत धरायचं, ओळंबा सोडून उभी रेघ बघायची, जिथे उंच असेल तिथे टाकी म्हणजे छिन्नी मारायची, पुन्हा बसवून बघायचं. एक चिरा असा चार-पाच वेळा चढतो आणि उतरतो. आपला काळा दगड वजनाला इतका जड की नीट बसला तर त्याचं वजनच त्याला धरून ठेवतं, चुन्याची गरजच पडत नाही. काही ठिकाणी खालच्या दगडाला कूस म्हणजे वर आलेला खुंट आणि वरच्याला तो बसेल अशी खोबण करतात म्हणजे तो सरकत नाही.

आता छत. काळ्या दगडाची तुळई फार लांब टाकता येत नाही, खालच्या बाजूने ताण येतो आणि मधोमध तडकते. म्हणून मंडपात खांब जवळजवळ असतात, ते शोभेसाठी नाहीत. मधला मोठा चौक झाकायचा तर आधी चार कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून चौकोनाचा अष्टकोन करतात, त्यावर पुढचा थर थोडा आत, त्यावर अजून थोडा आत, असं करत करत गोल लहान होत जातो आणि शेवटी मधे एक दगड बसतो, त्यावर कमळ कोरलेलं असतं. खालून घुमट वाटतो पण ही कमान नाही. प्रत्येक दगडाचा मागचा भाग भिंतीवर दाबलेला आहे, पुढचा बाहेर आलाय, मागचं वजन पुढच्यापेक्षा जास्त ठेवायचं हेच गणित. मागचं वजन काढून घेतलं की छत खाली.

आणि इथेच शिखर पडायचं कारण येतं. देवळाची भिंत बाहेरून आतून घडीव दगडाची पण पोटात भराव असतो. सांध्यात पिंपळ किंवा उंबर रुजला की मूळ आत शिरतं, त्यामागून पावसाचं पाणी, भराव फुगतो आणि बाहेरचा दगड ढकलला जातो. एक दगड निसटला की वरचे थर मोकळे. शिखरावर तर उन्हापावसाचा मारा सगळ्यात जास्त, म्हणून शिखर आधी जातं आणि भिंती राहतात. कोंबड्याची गोष्ट लोकांनी त्यानंतर रचली असणार.

बाकी एक कळकळीने सांगतो. कुणी गावकरी भक्तीने म्हणा किंवा कुणी ठेकेदार घाईने म्हणा, अशा सांध्यांत सिमेंट भरतात. करू नका. सिमेंट कडक असतं, पाणी अडवतं, दगड आतल्या आत ओला राहतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. आमच्या भागातल्या एका छोट्या देवळाला ऑइल पेंट मारला होता, तो काढायला आम्हाला महिना गेला आणि रंगासोबत कोरीव चेहऱ्यांची नाकं निघून आली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

अक्षरवाट

पाथरवट, हे असं कुणी लिहितच नाही हो. सेव्ह करून ठेवलं.

नवखा_प्रवासी

खूप छान माहिती. पण मला एक कळत नाहीये, हेमाडपंती म्हटलं तर बिघडलं काय? हेमाद्रीने बांधलं नसेल पण लोकांना चटकन कळतं ना की कुठल्या प्रकारचं देऊळ ते. नाव बदलून काय फरक पडणार?

गिरणाकाठ

फरक पडतो हो. माझ्या वडिलांनी सांगितलं ते त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं होतं, त्यात त्यांचा दोष नाही. पण एकदा हेमाडपंती म्हटलं की पुढचा प्रश्नच संपतो, कुणी बांधलं कधी बांधलं कुणी बघतच नाही कारण उत्तर आधीच मिळालेलं असतं. श्रीदेवी त्या एका शब्दाखाली गाडली गेली. आणि पाटण एकटं नाही. चाळीसगावहून भुसावळकडे जाताना पुढचंच स्टेशन वाघळी, तिथला लेख शके ९९१ चा म्हणजे १०६९ चा, यादव राजा सेऊणचंद्र दुसरा याचा मांडलिक गोविंदराज मौर्य याने शिवाचं देऊळ बांधल्याचा. मौर्य! आपल्या वाघळीत! हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधी. शाळेत मौर्य म्हटलं की पाटलीपुत्र, रेल्वेने रोज ज्या स्टेशनवरून गेलो तिथे मौर्यांचा लेख आहे हे कुणी सांगितलं नाही.

बुराईवाला

+१. आणि गिरणेकाठचं बहाळ विसरू नका. तिथे भवानीचं देऊळ, शके ११४४ चा लेख, बांधणारा अनंतदेव, तोही सिंघणाचा ज्योतिषी आणि भास्कराचार्यांच्या भावाच्या वंशातला. एका घराण्याने चाळीसगाव तालुक्यात इकडे मठ काढला, तिकडे देऊळ बांधलं.

शिखरवेडा

शिखराचा प्रश्न कुणी घेतला नाही अजून, तर मी घेतो, माझा आवडीचा विषय आहे आणि थोडं लांबेल.

पाटणचं शिखर आज नाही त्यामुळे ते कसं होतं हे आजूबाजूच्या देवळांवरूनच बघावं लागतं. या भागात या काळात जी रीत चालत होती तिला भूमिज म्हणतात. कल्पना करा की गाभाऱ्याच्या चारही बाजूंच्या मधोमध एक उभा पट्टा खालपासून वर आमलकापर्यंत, म्हणजे शिखराच्या टोकावरच्या आवळ्यासारख्या गोल दगडापर्यंत, सरळ चढत जातो, त्याला लता म्हणतात, त्यावर बारीक जाळीसारखी चैत्य-गवाक्षांची, म्हणजे नालेच्या आकाराच्या छोट्या खिडक्यांची नक्षी. आता दोन लतांच्या मधे जो कोपऱ्याचा भाग उरतो तिथे छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, प्रत्येक छोटं शिखर एका बुटक्या खांबावर बसवलेलं, आडव्या रांगा एकावर एक, वर जाताना प्रत्येक रांगेतलं शिखर आकाराने लहान. या आडव्या रांगा म्हणजे भूमी, मजले. लांबून बघितलं तर मण्यांच्या माळा लटकवल्यासारख्या दिसतात. समोरच्या बाजूला, मंडपाच्या वर, शुकनास म्हणजे शिखराचा नाकासारखा भाग पुढे आलेला.

हे प्रत्यक्ष बघायचं तर धुळ्याहून मालेगावकडे जाताना आग्रा रोडला झोडगे लागतं, तिथल्या माणकेश्वराच्या देवळाचं शिखर उभं आहे. सिन्नरचं गोंदेश्वर, तिकडे कोकणात अंबरनाथ, तेही याच जातीचं, अंबरनाथचा लेख शके ९८२ म्हणजे १०६० चा. आणि नर्मदेच्या पलीकडे माळव्यात उदयपूरला परमार उदयादित्याने बांधलेलं उदयेश्वर, तेही त्याच सुमाराचं, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं.

भिंतीचं पण सांगायला हवं. बाहेरची भिंत सरळ जात नाही, साडीच्या निऱ्यांसारखी कोन घेत घेत वळते. काही देवळांत हे कोन काटकोनातच असतात, काही ठिकाणी एक चौकोन मध्यबिंदूभोवती फिरवत नेऊन आराखडा काढतात म्हणजे तळ चांदणीसारखा होतो. खालचा प्रत्येक कोन तसाच वर शिखरात चढतो. म्हणून अशा देवळाचं शिखर पडलं तरी तळाचा आराखडा नीट मोजला तर वर किती ओळी असतील याचा बराच अंदाज बांधता येतो. गिरणाकाठ, पुढच्या वेळी गेलात की लेकाला बाहेरच्या भिंतीचे कोन मोजायला सांगा.

नवखा_प्रवासी

वा! मग ही माळव्यातली स्टाइल इकडे आली म्हणायची का?

शिखरवेडा

माझं मत तसंच आहे. भूमिज प्रासादांचं सविस्तर वर्णन माळव्याच्या परमार भोजराजाच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधार या वास्तुशास्त्राच्या ग्रंथात येतं, आणि खानदेश माळव्याला चिकटून आहे.

अक्षरवाट

मी 'आली' असं नाही म्हणणार. अंबरनाथ आणि उदयेश्वर जवळजवळ एकाच वेळचे, मग कोण कुणाकडून शिकलं? खानदेश म्हणजे वाट आहे, सातपुड्यातून उतरून तापी ओलांडा, गिरणा ओलांडा आणि पाटणच्या घाटाने वर चढा की देवगिरीचं पठार. त्या वाटेने व्यापारी गेले, सैन्य गेलं, ज्योतिषी गेले. भास्कराचार्यांच्याच घराण्याचं बघा, त्यांच्या एका पूर्वजाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली असं पाटणचा लेख सांगतो, आणि भास्करांचा मुलगा लक्ष्मीधर याला जैत्रपाल यादवाने 'या पुरातून' बोलावून नेलं असंही तोच लेख सांगतो. एक टोक भोजाच्या धार नगरीत आणि दुसरं यादवांच्या दरबारात. सुतार-पाथरवटही तसेच फिरत असतील की. कसब हे वाटेवर दोन्हीकडून घडतं.

पाथरवट

याला माझा पाठिंबा. कारागीर जिथे काम तिथे जातो, आजही आमच्या साइटवर राजस्थानचे, ओडिशाचे लोक असतात, एकमेकांचं बघून हात बदलतो. पण दगड मात्र गावचा. माळव्यातल्या उदयपूरला वालुकाश्म आहे, त्यात बारीक जाळी लोण्यासारखी निघते. आपल्या काळ्या दगडात तेच काम करायला दुप्पट वेळ, आणि दगडात जर पांढऱ्या गारगोटीचे ठिपके असतील तर टाकी नेमकी तिथे उडते. म्हणून इकडच्या देवळांत नक्षी जरा ठसठशीत, खोल, कमी नाजूक दिसते. ती कारागिराची कमी नव्हे, दगडाचा स्वभाव आहे.

शिखरवेडा

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. अक्षरवाट, जैत्रपालाचंही पटलं. 'आली' शब्द मागे घेतो.

मूळची_एरंडोलची

मला आता जावंसं वाटतंय पाटणला. गुडघे साथ देतील का? किती चालावं लागतं?

गिरणाकाठ

मावशी, नक्की या. चाळीसगावहून पाटणादेवी अठरा-वीस किलोमीटर, पायथ्यापर्यंत गाडी जाते. महादेवाचं देऊळ तिथून लांब नाही पण पावसाळ्यात वाट निसरडी असते, तुम्ही मार्गशीर्ष-पौषात या. गौताळा अभयारण्याचा भाग आहे, बिबट्याही आहे, त्यामुळे सकाळी लवकर जाऊन दुपारपर्यंत बाहेर यायचं. वर डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, ती फार जुनी, इसवी सनाच्या आधीची बौद्ध लेणी, पण पायऱ्या भरपूर, ती तुम्ही सोडा.

मी डिसेंबरात लेकाला घेऊन येतेय, वडीलही असतील. त्यांना मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. आधी गप्प बसले. मग म्हणाले, "श्रीदेवी म्हणतेस? मग शिखर तिने नक्की चढवलं असणार, अर्धं ठेवणारी बाई नाही वाटत ती."

बुराईवाला

ताई, डिसेंबरात असाल तर एक दिवस जादा काढा, धुळ्याला उतरा, बळसाणे मी दाखवतो. पाथरवट दादा, तुम्ही पण या, त्या तीन गाभाऱ्यांच्या मंडपाचं छत तुमच्याकडून समजून घ्यायचंय. जेवण आमच्याकडे, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत.

पाथरवट

येतो. ओळंबा आणि मोठी टॉर्च घेऊन येतो.